नांगराच्या दोरापाशी

तात्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर काडीचाही विश्वास नव्हता. नेव्हीत वीस वर्षं पाणबुड्या म्हणून काढलेला माणूस, पण घरातला जिना उतरतानाही एक हात कठड्यावर. "डोळं लय फसवत्यात गड्या, हात न्हाई फसवत," म्हणायचे.

निवृत्तीनंतर ते कुंडलला शेती करायला परतले. पुरात माणसं काढणाऱ्या आमच्या पथकाला बुडी मारायला त्यांनीच शिकवलं. मी कुपवाडला लेथवर काम करणारा. पोहता येतं एवढ्या गुर्मीवर गेलो होतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला विहिरीकडे फिरकूच दिलं नाही. मोटारीच्या खोलीला सुतळी बांधून रीळ माझ्या हातात दिलं आणि उंच उसात पाठवलं. परतताना डोळ्यांवर पट्टी, सुतळी चाचपत यायचं. मी वैतागून पट्टी वर केली, सुतळी टाकली आणि थेट शेजाऱ्याच्या भुईमुगात निघालो. तात्या बांधावर हसत होते. "हितं भुईमूग हाय रं. समुद्रात काय आसंल?"

चार वर्षांपूर्वी त्यांनी मला कोकणात एक बुडालेलं जहाज दाखवायला नेलं. होडीच्या नांगराचा दोर धरून खाली जायचं, दोराला सुतळी बांधून जहाजात शिरायचं, तिच्याच आधारानं परत. चुकामूक झाली तर आधी पोचेल त्यानं दोरापाशी थांबायचं. कुणी परस्पर वर आलाच, तर त्यानं होडीतून दोराला तीन हिसके द्यायचे, म्हणजे खालचा निर्धास्त.

जहाजात माझ्याच पायांनी गाळ उठला. तात्या दिसेनात. गढूळ पाण्यात समोर नांगराचा दोर दिसला आणि मी सुतळी सोडली. पण तो दोर म्हणजे जुन्या जाळ्याची तुटकी दोरी निघाली. मी घाबरून तसाच वर आलो आणि होडीत पालथा पडून ओकत राहिलो. "म्हातारो खंय आसा?" होडीवाल्यानं विचारलं, तेव्हा मला हिसके आठवले. तोवर तात्याच वर आले. हवा संपेपर्यंत माझी वाट पाहून, मग एका दमात. खोल पाण्यातून असं घाईनं येणं शरीराला सोसत नाही. त्यांचा डावा पाय कायमचा लुळा पडला.

मी सगळ्यांना सांगितलं, हिसके दिले होते. तात्यांनी कधी खोडून काढलं नाही.

गेल्या वर्षी विश्रामबागेत, हॉस्पिटलात, ते शेवटच्या आजारात असताना मी कबूल केलं. "तात्या, मी हिसकं दिलंच न्हवतं."

"ठावं हाय. दोर माझ्याच मुठीत हुता की."

"मंग तुमी येळेवर वर का न्हाई आलासा?"

"वाटत हुतं, तू वर पोचला आसशील. पर नसतास तर?"

मला रडू आवरलं नाही. आठवड्याभरात ते गेले.

रक्षाविसर्जनाला जमलेल्या सगळ्यांसमोर मी खरं सांगून टाकलं. मला शिव्या हव्या होत्या. कुणी दिल्या नाहीत. त्यांच्या लेकीनं डोळे पुसले आणि एवढंच विचारलं, "आमचं तात्या खाली किती येळ थांबलं हुतं वो?"