साडी न घेतलेली बहीण

पंजाबराव पोलाद कारखान्याजवळच्या खुर्सीपारला थोरल्या बहिणीकडे, अन्नपूर्णाबाईंकडे आला, तेव्हा पिशवीत साडी होती आणि हक्कसोडीचे कागद. गोंदियाकडच्या त्यांच्या गावात बहिणीने ही साडी घेतली की बापाच्या जमिनीवरचा हक्क सुटला, असेच धरतात. मग माहेरचे दार उघडे राहते. साडी आणि कागद त्याने बहिणीपुढे ठेवले.

“बाई, परवा रजिस्ट्रारकडे चाल. एक सही मारली का झालं.”

अन्नपूर्णाबाईंनी चष्मा लावला. तलाठ्याच्या कागदावर ‘मयत रामाजी यांचे वारस’ असे लिहून खाली दोन नावे होती. दुसरे त्यांचे.

त्या कागदाकडे बघतच राहिल्या. घरात वारस म्हणजे पंजाब. तो जन्मला तेव्हा ‘वारस आला’ म्हणत आबांनी, म्हणजे रामाजींनी, गावभर पेढे वाटले होते. त्या तेव्हा सात वर्षांच्या, ताट धरून मागे चालल्या होत्या. घरातल्या त्या शब्दात त्यांना कधीच जागा नव्हती. कोणा अनोळखी कारकुनाने ती करून दिली होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही; दुसरीकडे कुठे कोणाच्या खाली त्यांचे नाव लिहिले जाणार नव्हते.

“विहिरीजवळची एक बांधी, तेवढाच धानाचा तुकडा, राहू दे माह्या नावानं. पेर तूच, धान तूच ने.”

“धान नाही पाह्यजे, त नाव काहाले पाह्यजे?”

“आबाच्या नावाखाली बरं दिसते.”

“बरं दिसते म्हणे! भट्टीजवळ राहून लोखंडाची झाली तू. गाव म्हणन, बहिणीनं वाटा घेतला. मंग तीजाच्या सणाले माहेरी कोन नेईन तुले?”

अन्नपूर्णाबाईंनी चहा केला. दोघांनी तो प्यायला. मग त्यांनी साडीची घडी नीट करून ती कागदांसकट त्याच्या पिशवीत परत ठेवली.

भादव्यात तीजा आला. गल्लीतल्या छत्तीसगढी बायकांना माहेरी न्यायला भाऊ आले, स्कूटरी वाजल्या. दोन दिवसांत नळावर पुरुषच दिसू लागले. “दीदी, आप नहीं गईं?” एकाने विचारले. “जाना है,” त्या म्हणाल्या, आणि बादली अर्धीच भरून घरात आल्या.

दुपारी त्यांनी गावी फोन लावला. वहिनीने उचलला.

“कोन?”

चाळीस वर्षांच्या ओळखीत वहिनीने हे कधी विचारले नव्हते. “मी, अन्नपूर्णा. धानाचा रोवणा झाला काय?”

वहिनी काही बोलली नाही. फोनही ठेवला नाही. पलीकडे कोणी भांडी घासत होते, कोंबड्या कलकलत होत्या. फोन कटेपर्यंत अन्नपूर्णाबाई ऐकत राहिल्या.