अर्जुनानं न खरवडलेला ठिपका

म्हसवडच्या मेंढपाळ घरातला अर्जुना काळेल फौजेत पंधरा वर्षं विमानातून काढलेले फोटो तपासायच्या कामावर होता. फोटोतला काळा ठिपका म्हणजे रणगाडा की काचेवरची धूळ, हे त्याला सांगावं लागे. १९७४ साली तो सांगलीत नानासोंच्या स्टुडिओत निगेटिव्हवरचे डाग काढत होता.

त्या श्रावणात कॉलेजचे मोहिते सर काचेच्या काही निगेटिव्ह घेऊन आले. एका वेधशाळेतून त्यांनी त्या अभ्यासाला मागवल्या होत्या. प्रत्येकीवर आपल्या शेजारची दीर्घिका होती, देवयानी. तिथं अधूनमधून एखादा तारा एकाएकी भडकतो आणि पुन्हा विझत जातो. त्याला नवतारा म्हणतात. कोणता झटकन विझला, कोणता रेंगाळला, याची यादी सर करत होते. प्रदर्शनासाठी त्यांना मोठ्या प्रती हव्या होत्या. शेवटच्या काचेवर मात्र एक जादा ठिपका होता. ती धूळ आहे, प्रतीवरून खरवडून टाका, असं ते सांगून गेले.

अर्जुनानं भिंगातून पाहिलं आणि हातातलं पातं खाली ठेवलं. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, नाहीतर घरी जायचं, असं नानासोंनी बजावलं. तो हललासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सर आले, तर ठिपका तसाच होता. तुमचं शिक्षण किती, असं त्यांनी विचारलं.

“चौथी,” अर्जुना म्हणाला. “पर ह्या काचंवर समदे तारे उजव्या अंगाला लांबलेत. दुर्बीण सरकली आसंल. ह्यो ठिपका बी तेवढाच लांबलाय. धूळ काय दुर्बिणीसंगं सरकत न्हाई, सर.”

सर बराच वेळ भिंगावर वाकून होते. तरी त्यांची खात्री पटेना.

“मग वेधशाळंला लिवा. तवर मी ह्याला पातं लावणार न्हाई.”

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पुढच्या दोन रात्रींच्या काचांवरही तो ठिपका त्याच जागी होता. आठवड्यानंतरच्या काचेवर तो जेमतेम दिसत होता, मग गेला. सर यादी घेऊन स्वतः स्टुडिओत आले आणि त्यांनी लिहिलं: नवतारा, जलद.

कुणाला दिसला ते कुठं लिहिलंय, असं अर्जुनानं विचारलं. यादीत तसा रकानाच नाही, असं सर म्हणाले.

“न्हाई तर आखा.”

नानासो खोकले. सरांनी पट्टी मागून घेतली, रेघ ओढली आणि ‘काळेल’ एवढंच लिहिलं. तेव्हा अर्जुनानं त्यांना पुरं लिहायला लावलं: अर्जुना बिरू काळेल, मुक्काम म्हसवड.