गुळवण्यांचं बर्फयंत्र

अमिरातीतल्या अल ऐनमध्ये बर्फ दोनच ठिकाणी सापडतो, ज्यूसच्या ग्लासात आणि फ्रीजरच्या भिंतीवर. तरीही उपेंद्र गुळवण्यांच्या अंगणात, बोगनवेलीखाली, बर्फ उडवायचं यंत्र उभं होतं. लालभडक रंग, मागे दोन दणकट चाकं, पुढे नागमोडी पात्यांचा जबडा आणि वर बर्फ लांब भिरकावायचं नळकांडं. समोरच्या व्हिलातल्या कॅनेडियनानं ते येताना कंटेनरात भरून आणलं होतं, कारण सामानाचा खर्च कंपनीचा होता. खर्च कंपनीचा असला की माणूस काय आणील याचा नेम नाही. गुळवण्यांनी स्वतः पुण्याहून पाटा-वरवंटा आणला होता. मग मंदी आली, कॅनेडियनाची कंपनी झोपली, आणि जाताना त्यानं यंत्र गुळवण्यांच्या स्वाधीन केलं.

"याचं करायचं काय?" उर्मिलावहिनींनी नवऱ्याला विचारलं.

"वाळू उडवायची," गुळवणी म्हणाले. श्रावणात त्यांनी ते चालवूनही दाखवलं. यंत्र अंगणभर ऐटीत फिरलं, कोपऱ्यातली वाळू भिंतीपलीकडे टाकली, आणि गुळवणी आठवडाभर छाती काढून हिंडले.

तसं हिंडायला त्यांच्याकडे वेळच वेळ होता. पदवी मेकॅनिकल इंजिनिअरची, पण पान्याची जागा माऊसनं घेतल्याला जमाना झालेला. अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या, एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीची अल ऐनमधली कामं ते बघायचे. २००९ च्या उन्हाळ्यात कामं थांबली आणि कंपनीनं त्यांना 'प्रोजेक्ट सुरू होईपर्यंत' बिनपगारी घरी बसवलं. नोकरी होती का? होती. कामावर जायचं होतं का? नव्हतं. ऑफिसातल्या मुनीरला फोन लावला की तो म्हणायचा, इन्शाल्ला सर, नेक्स्ट वीक.

घरी बसलेला इंजिनिअर घराला महागात पडतो. गुळवण्यांनी मिक्सर दुरुस्त केला, तेव्हापासून तो चटणी वाटायच्या ऐवजी पसरवू लागला. दाराची घंटा दुरुस्त केली, तर ती बाथरूमचा दिवा लावला की वाजायची. त्यामुळे घरातला कुणीही बाथरूमला गेला की वहिनी दार उघडून बघत.

या सगळ्या पडझडीत गुळवण्यांची एकच गादी शाबूत होती. दर वर्षीची कोजागरी त्यांच्या अंगणात व्हायची. गावातली सगळी मराठी मंडळी यायची, मसाला दूध गुळवणी स्वतः ढवळायचे, आणि त्या संध्याकाळी मुनीरचा नेक्स्ट वीक आला काय, न आला काय, कुणी विचारत नसे.

आणि नेमकं कोजागरीच्या आदल्या दिवशी वादळ आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर अंगणात वाळूचे ढीग, फाटक अर्धं गाडलेलं. कंपाउंडचे माळी मंदीत केव्हाच घरी गेलेले. पुढच्या गल्लीतल्या विजयकुमारांचा लगेच फोन आला. त्यांच्याकडे टाइल्सचं अंगण होतं आणि यजमानपदावर त्यांचा डोळाही जुनाच होता. ते फार गोड आवाजात म्हणाले, "उपेंद्रराव, एवढं कशाला मनाला लावून घेता? यंदा आमच्याकडे करू. की फावडं पाठवू?"

गुळवण्यांनी फावडं नाकारलं. दुपारपर्यंत अंगण साफ, नाहीतर कोजागरी तुमची, असा शब्द देऊन ते यंत्राकडे वळले.

यंत्र पहिल्याच दोरीला धडधडलं. पाती गरगरली. गुळवण्यांनी चाकांची मूठ दाबली, आणि यंत्र तिथंच उभं राहिलं. अस्मी, त्यांची कॉलेजात जाणारी लेक, खिडकीतून म्हणाली, "बाबा, इट्स नॉट मूव्हिंग."

"चालू आहे," गुळवणी म्हणाले.

"चालू आहे, पण चालत नाही," वहिनी म्हणाल्या. मग आपण नवऱ्याच्या नोकरीचं वर्णन केलं की काय असं वाटून त्या गडबडीनं आत गेल्या. गुळवण्यांना ते लागलं नाही असं नाही.

त्यांनी इंजिन बंद केलं, प्लगची वायर काढली आणि शोध सुरू केला. पट्टा बघितला, धडधाकट होता. केबल ढिली वाटली म्हणून आवळली. यंत्र ढिम्म. चाकं आसावर नीट बसलीत का पाहिलं. ढिम्म. आता कुठंतरी काहीतरी अडकत असणार असं ठरवून त्यांनी जिथं भोक दिसेल तिथं तेल सोडलं. आता तर चाकं हलायचं नावसुद्धा घेईनात. विजयकुमारांचा पुन्हा फोन आला. दूध आमच्याकडेच सांगून ठेवू ना, असं ते विचारत होते.

गुळवणी घामाघूम होऊन स्वयंपाकघरात आले. वहिनी बटाटेवड्यांच्या तयारीत होत्या. त्यांचे हात तेलाचे, त्यामुळे बेसनाच्या बरणीचं झाकण फिरेना. त्यांनी बरणी पुढे केली. गुळवण्यांनी जोर लावला. त्यांचेही हात तेलाचेच. झाकण जागचं हललं नाही, फक्त तळहात फिरत राहिला.

गुळवणी बरणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उर्मिला, खंडेनवमीला आपण यंत्राची पूजा केली."

"हो. तुम्हीच हट्ट धरलात. हळद-कुंकू, झेंडू, आणि वाटीभर तिळाचं तेल."

"ते तेल मी बाहेरून नाही लावलं."

झालं होतं असं की पूजा करताना त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला होता. शस्त्राला नुसता टिळा लावून काय होतं, अंतर्यामीही तेल पोचलं पाहिजे, म्हणून त्यांनी खालचं झाकण उघडून भक्तिभावानं वाटी रिकामी केली होती. आणि आत होती एक लोखंडी थाळी आणि तिला दाबून धरलेलं रबरी चाक. थाळी फिरली की घासून रबराला फिरवणार, रबर यंत्राला पुढे नेणार. सगळा संसार घर्षणावर. तिथं तेल म्हणजे केळ्याची साल. साऱ्या यंत्रात तेल जिथं पाप, नेमका तिथंच गुळवण्यांनी अभिषेक केला होता, आणि आज वरून पुन्हा धार सोडली होती.

वहिनी हसून हसून ओट्याला टेकल्या. मग भांड्यांचा साबण आणि स्वतःची नेलपॉलिश काढायची बाटली घेऊन स्वतःच अंगणात आल्या. थाळी त्या बाटलीतल्या द्रवानं पुसली, रबर साबणानं धुतलं, पुन्हा पुसलं. कोरड्या फडक्याला डाग लागेना, तेव्हा झाकण बसलं, प्लगची वायर लागली.

दोरी ओढली. मूठ दाबली. यंत्रानं एक हिसका दिला आणि चालायला लागलं.

गुळवणी मागून जवळजवळ धावतच निघाले. वाळू नळकांड्यातून कमान करून उडाली, आणि परिस्थिती पाहायला स्वतः येऊन फाटकापाशी थांबलेल्या विजयकुमारांच्या धुतलेल्या गाडीवर अलगद पसरली. विजयकुमारांनी काच खाली केली. म्हणाले, "खलास. दूध तुमच्याकडेच."

"आणि ते फावडं पाठवा," गुळवणी इंजिनाच्या आवाजावर ओरडले. "कोपरे राहतायत."

अंगण झालं तरी ते थांबेनात. फाटक झालं, फाटकासमोरचा रस्ता झाला, कंपाउंडचा मॅनेजर अहमद हात जोडून आला तेव्हा अख्खी गल्ली झाली. मागून पोरंटोरं, फावडं खांद्यावर घेतलेले विजयकुमार आणि त्यांच्या पत्नी छायावहिनी, अशी मिरवणूकच निघाली. अस्मीनं मोबाइलवर फोटो काढत कबूल केलं, "ओके, धिस इज कूल."

त्या रात्रीचं दूध गुळवण्यांनीच ढवळलं.

मुनीरचा नेक्स्ट वीक पुढच्या फेब्रुवारीत खरोखर उगवला आणि गुळवणी पुन्हा माऊसला लागले. पण खंडेनवमीला यंत्र अंगणात मधोमध येतं. हळद-कुंकू होतं, झेंडू होतो. तेलाची वाटी मात्र वहिनी दोन्ही हातांनी धरून लांब, पार बोगनवेलीपाशी, उभ्या असतात.