दुपट्यांवरची धूळ

वरठीणबाई, म्हणजे आमच्या गावची परटीण, गावातल्या तान्ह्या मुलांना तोंडावरून ओळखत नसे. ती त्यांना फडक्यांवरून ओळखे. बाळंतिणीच्या घरची दुपटी आणि लंगोट धुवायला न्यायचे म्हणून ती रोज सकाळी घरामागच्या सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, कुडाशी येऊन उभी राही. कुडाच्या आत तिचं पाऊल पडत नसे. तशी रीत होती, आणि त्या रीतीचं तेव्हा आमच्या घरात कुणालाच, मलाही, काही वाटत नसे. त्यामुळे ज्या मुलांचं पोट तिला त्यांच्या आईपेक्षा जास्त ठाऊक असे, त्यांचा चेहरा तिनं पुष्कळदा पाहिलेलाही नसे. पोर चालायला लागून नाल्यावर आलं की ती विचारी, "तू कोनाच्या घरचा गा?" घर सांगितलं की हसून म्हणे, "हां, तीन दिवस हिरवा आन् मंग पिवळाधम्मक. तोच ना तू?"

नाल्यावर तिचा एक पसरट काळा दगड होता. फडकं पाण्यात घालण्याआधी ती ते दगडावर पसरी, मान तिरपी करून पाही, वाकून वास घेई, आणि मगच भिजवी. तिचा नवरा पलीकडे कपडे आपटता आपटता म्हणे, "धुवून राह्यली का वाचून राह्यली व?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "तुले येते का वाचता? मंग गप राह्य."

रंगांना तिनं स्वतःची नावं दिली होती. जन्मल्यावर पहिल्या दिवशी होतं ते 'वंगन', गाडीच्या आसाला लावतात तसं काळं, चिकट. मग दोन-तीन दिवस हिरवट 'शेवाळ'. आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून 'हळदीत तीळ', म्हणजे पिवळं, पातळ, आत बारीक बारीक दाणे असलेलं. पहिलटकरणींना ते पातळ पाहून धडकी भरे. हगवण लागली म्हणून त्या बाळाचं दूध तोडायला निघत. बाई कुडाबाहेरून समजावी, "हगवन नाई व माय. हगवनीत पानीच पानी असते, घान मारते, लेकरू मलूल पडते. हे दुधाचं आहे. दहा डाव करते तं करू दे." तिला भीती वाटे ती एकाच रंगाची. "भिंतीले लावाची पांढरी माती असते ना, तसं दिसलं तं मले नोको विचारू. गाडी जुप आन् चांद्याले डाक्टरकडे जाय."

"तोंड खोटं बोलते गा, फडकं नाई," असं ती नेहमी म्हणे.

आमच्या घरात चौथीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. नागपूरला कॉलेजात जाऊ लागलो तेव्हा गावाला त्याचं कौतुक होतं, आणि मला गावापेक्षा जास्त. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत एका वकिलाचा मुलगा माझ्याबरोबर आमचं गाव पाहायला आला होता. परत जाताना आम्ही मोटारीची वाट पाहत उभे असताना डोक्यावर गाठोडं घेतलेली वरठीणबाई समोर आली. मला पाहून तिला आनंद झाला. "केवढा झाला गा बाबू. तू दोन महिन्याचा होता तवा पाच दिवस काईच केलं नोतं. तुही माय रडे. मी म्हटलं, मुतून राह्यला ना, दूध पिऊन राह्यला ना, मंग भेव नाई, अंगी लागून राह्यलं. साहाव्या दिवशी पाच दुपटी एकदम भरली."

मित्र नागपूर येईपर्यंत हसत होता. वसतिगृहात वर्षभर माझं नाव 'पाच दुपटी' होतं. तिनं ते मायेनं सांगितलं होतं हे मला आता कळतं. खरं म्हणजे तेव्हाही कळलं असावं.

पुढच्या उन्हाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला आली. मी सुट्टीला घरी पोहोचलो तेव्हा पोरगी दहा दिवसांची होती. माझ्या पेटीत बालसंगोपनाची एक पुस्तिका होती आणि नागपूरहून आणलेलं गजराचं घड्याळ. पुस्तिकेत लिहिलं होतं की बाळाचे कपडे घरीच उकळून धुवावेत, आणि बाळाला दर चार तासांनी, घड्याळ पाहून, दूध द्यावं. तसं लिहिलं होतं, हे खरं. पण त्यातली पहिली गोष्ट मी एवढ्या हट्टानं का धरली, ते पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच कुडाशी गेलो आणि मुद्दाम पुस्तकी मराठीत म्हणालो, "बाई, उद्यापासून आमच्याकडे येऊ नकोस. सगळ्या घरांची घाण तुझ्या एकाच गाठोड्यात असते. त्याने रोग पसरतो."

तिनं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं. मग म्हणाली, "बरं बाबू. पन पाहात जाजा. धुवाच्या आधी पाहात जाजा."

आम्ही पाहिलं नाही. माय चुलीवर हंड्यात फडकी उकळू लागली आणि मी घड्याळ सांभाळू लागलो. पोरगी रडली की ताई माझ्याकडे बघे. मी म्हणे, "अजून दीड तास आहे." दुधानं तिची चोळी ओली होई आणि ती मुकाट्यानं काट्याकडे पाहत बसे. तिसऱ्या दिवशी पोरगी रडायची थांबली. नुसती झोपून राहू लागली. माय म्हणाली, "गुणाची आहे व पोर." फडकीही कमी निघू लागली. मला वाटलं, ही शिस्तीची आणि स्वच्छतेची करामत. मी तसं बोलूनही दाखवलं.

पाचव्या दिवशी दुपार व्हायच्या आत वरठीणबाई दुसऱ्या कुणाचं गाठोडं घेऊन कुडामागून चालली होती. ती थबकली. सांदवाडीत दोरीवर आमची दुपटी टांगलेली होती.

"बाई, हे दुपटी कवा टांगली?" तिनं मायला विचारलं.

"आजचीच असतीन," माय म्हणाली.

"त्याइवर धूळ बसली व."

मी बाहेर आलो. "उन्हाळा आहे. वारा सुटतो. धूळ बसणारच," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मायलाच विचारलं, "लेकरू मुतून राह्यलं का?"

माय माझ्याकडे पाहू लागली. दोरीवरचं फडकं काढायची कुणाला दोन दिवसांत गरजच पडली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

वरठीणबाईनं गाठोडं खाली ठेवलं आणि कुडाच्या फटीतून आत आली. सरळ बाळंतिणीच्या खोलीच्या दारापर्यंत. मायनं तिला अडवलं नाही. ताईनं पोरीच्या अंगाखालचं फडकं काढून तिच्या हातात दिलं. कोरडं होतं. मधोमध विटेच्या भुकटीसारखा एक तांबूस डाग होता. तिनं ते उजेडात धरलं.

"हा डाग दुसऱ्या दिवशी दिसला तं चालते. पंधराव्या दिवशी नाई. लेकरू तहानलं आहे."

"पन रडत नाई ना ते," ताई म्हणाली.

"रडाले बी जीव लागते, माय."

मग तिनं जे जे सांगितलं ते सगळ्यांनी केलं, मी सोडून. मी भिंतीशी उभा होतो. पोरीच्या तळव्यांवर टिचक्या मारून तिला जागं केलं. शेजारच्या घरात सहा महिन्यांच्या मुलाची आई होती, तिला बोलावून आधी तिचं दूध पाजलं, मग ताईचं, मग थोड्या थोड्या वेळानं पुन्हा पुन्हा. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आमच्याकडची पद्धत. बाईनं मायला दटावलं, "या उन्हात विहीर बी आटते. पोरीले पेज पाज, पानी पाज." जाता जाता तिला कोनाड्यातलं घड्याळ दिसलं. "हे काऊन टिकटिक करून राह्यलं?" ती म्हणाली. ताईनं उठून त्याचं तोंड भिंतीकडे केलं.

दारातून निघताना ती एवढंच म्हणाली, "ओलं झालं का मले कळवजा. पिवळं झालं का दाखवजा."

संध्याकाळपर्यंत एक फडकं ओलं झालं. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी सकाळी मायनं एक घडी केलेलं दुपटं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "जाय, तूच घेऊन जाय." मी ते नाल्यावर नेलं. बाईनं ते आपल्या दगडावर पसरलं आणि मला म्हणाली, "पाहाय." मी वाकलो.

"काय दिसते?"

"हळदीत तीळ," मी म्हणालो.

"हां. शिकला."

माझं चुकलं, हे शब्द तेव्हा अगदी ओठांवर होते. पण नाल्यावर चार-पाच बाया होत्या. मी नुसतं "येतो" म्हणालो आणि निघालो.

सव्वा महिन्यानं बारसं झालं. वरोऱ्याहून भाऊजी आणि त्यांची माणसं आली. जेवणं झाल्यावर ओसरीवर पान खाताना भाऊजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा शिकलेला होता म्हणून पोर हाती लागली. ऐन वेळी यानंच ओळखलं म्हणतात." त्यांना तसं कुणी सांगितलं मला माहीत नाही. बहुधा बाबांनी, माझ्या कौतुकापायी. ताईनं आतून माझ्याकडे पाहिलं. मायनं पाहिलं. वरठीणबाई घुगऱ्या घ्यायला पदर पसरून कुडाबाहेर उभी होती. तिलाही ते ऐकू गेलंच असणार.

मी मान खाली घालून थोडं हसलो. नम्र माणसं हसतात तसं.

घुगऱ्या घालायला मीच गेलो. तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "बाबू, पोरीचं नाव काय ठेवलं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि पदर सावरत गेली.

त्यानंतर दोन सुट्ट्या आल्या नि गेल्या. प्रत्येक वेळी मी नाल्यावर जायचं ठरवलं, आणि प्रत्येक वेळी तिथे कुणी ना कुणी होतं. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलानं मायच्या सांगण्यावरून लिहिलेलं पत्र आलं. धानाची रोवणी आटोपली, गाय व्याली, वरठीणबाई तापानं गेली, तू अंगाला जप. एवढंच. मी ते पत्र वसतिगृहात पुन्हा पुन्हा वाचलं आणि ज्यानं मला 'पाच दुपटी' हे नाव पाडलं होतं, त्यालाही काही सांगू शकलो नाही.

या उन्हाळ्यात ताई पुन्हा बाळंतपणाला आली आहे. थोरली आता अंगणभर पळते आणि मला हाताला धरून ओढते. बाळाची फडकी धुवायला न्यायला आता कुडाशी कुणी येत नाही, मायच धुते. परवा पहाटे ती उठायच्या आत मी ती गोळा केली आणि नाल्यावर गेलो. नाल्यावर कुणी नसतं, म्हणूनच ती वेळ निवडली होती. दगड होता तिथेच होता. उजेड यायची वाट पाहिली, एक दुपटं पसरलं, मान तिरपी केली, वास घेतला. पिवळं होतं. तीळ होते. मग सगळी धुतली. मला नीट धुता येत नाहीत.

परत आलो तेव्हा माय कुडाशी उभी होती.

"कुठी गेला होता गा?"

"फिरायला," मी म्हणालो.

मायनं माझ्या हातातल्या ओल्या गाठोड्याकडे पाहिलं. खुंटीवरची दोरी काढली आणि तिचं एक टोक बांधायला माझ्या हातात दिलं.