लॉरेनचा हट्ट

लॉरेन कुझनियारने उभा जन्म अमेरिकेतल्या बफेलो शहराशेजारच्या लॅकावॅना गावात शाळेची बस चालवली. गावातला पोलादाचा कारखाना बंद पडला, पुढे नवराही गेला. एकुलता एक मुलगा कीथ नोकरीसाठी ॲरिझोनाला गेला, तो तिकडचाच झाला.

कीथ फोनवर मोजकंच बोले. तब्येत बरी ना, बर्फ किती पडलं, संपलं. पण एप्रिल जवळ आला की मायलेकांना विषय मिळे. आमच्याकडचा फुटबॉल हाताने चेंडू फेकून-झेलून खेळायचा; त्यात कॉलेजातून बाहेर पडलेल्या खेळाडूंना दर एप्रिलमध्ये सगळे संघ पाळीपाळीने, फेरीमागून फेरी निवडतात. त्यातला आपल्या बफेलोच्या संघाने कोण उचलावा? यावर दोघं तासतासभर भांडत.

यंदा लॉरेनने नबील मुसादचा हट्ट धरला होता. नबील आमच्याच गावातल्या येमेनी वस्तीतला, दरवाजाएवढा रुंद पोरगा. कीथला मात्र लुइझियानाचा एक चपळ गडी हवा होता, लांबचे चेंडू झेलणारा. निवडीच्या संध्याकाळी आम्ही नेहमीचे लोक डॉटीच्या बारमध्ये जमलो, तर तिथेही तोच वाद.

"अगं, झेलणारा हवाय आपल्याला," गस म्हणाला. "आपल्या पोरांच्या हाताला लोणी लागलंय नुसतं!"

"आधी फेकणारा उभा तर राहू दे!" लॉरेन म्हणाली. "त्याच्या अंगावर येणाऱ्यांना अडवायला नबील म्हणजे भिंत आहे, भिंत."

"तुझ्या बसमधला ना तो, म्हणून पुळका."

"हो, बसमधला. उतरताना रोज थँक्यू म्हणायचा. तू म्हणालायस कधी कुणाला?"

सगळे हसले. हसणं ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "एक तरी पोरगं गावात राहू दे रे."

आमच्या संघाची पाळी आली आणि नाव पुकारलं गेलं, लुइझियानाच्या गड्याचं. गस खुर्चीवर चढून ओरडायला लागला. थोड्याच वेळात नबीलला सिॲटलने उचललं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. टीव्हीवर त्याची आई त्याची बाही घट्ट धरून उभी होती.

"सोडवत नाहीये तिला," लॉरेन म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती बाहेर गेली. मी तिथे सिगरेट ओढत होतो. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला; कीथचं बोलणं रस्त्यापर्यंत येत होतं.

"आई! बघितलंस? काय सांगत होतो मी!"

"बघितलं रे बाबा. जिंकलास."

तो गडी कसा पळतो, कसा वळतो, कीथ भरभरून सांगत सुटला. लॉरेन डोळे पुसत हसत होती. मग म्हणाली, "ये ना त्याला बघायला, सामने सुरू झाले की, सप्टेंबरात. तुझी खोली तशीच आहे."

"बघू गं. कामाचं काही सांगता येत नाही. आणि टीव्हीवर दिसतंच की सगळं."

"हो. दिसतं."

"चल, ठेवू मग?"

"अरे थांब," ती घाईने म्हणाली. "दुसऱ्या फेरीत कोण घ्यायचा आता?"

तो पुन्हा बोलायला लागला. ती पायरीवर बसली. ज्याचं नाव तो घेई, त्याला ती नावं ठेवी. तो चिडून आणखी समजावत राही. गारठा चांगलाच होता. मी आत जाऊन तिचा कोट आणला आणि तिच्या खांद्यावर टाकला. तिने मान वर करून पाहिलंही नाही.

"छे, तो कसला खेळतोय!" ती फोनवर म्हणत होती. "दुसरा सांग."