रस्त्यापलीकडची सून, मावशीकडची लेक

आम्ही भावंडं जमलो की आईचे किस्से निघतात. एक संपत नाही तोच दुसऱ्याला "अरे, ते आठवतं का?" सुचतं आणि चहा पुन्हा गरम करावा लागतो.

आधी एक सांगतो. आमच्या देवासात पूर्वी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. मध्ये नुसता रस्ता! बाबा थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून, त्यामुळे आईचा सगळा अभिमान रस्त्याच्या अलीकडचा.

*

राज्यं विलीन झाली. दादाला नव्या सरकारात कारकुनी मिळत होती. पठ्ठ्यानं सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं! आई त्या दुकानाची पायरी चढली नाही. हळदीकुंकवाला सांगायची, "तो यंत्रांच्या खात्यात आहे."

एकदा शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं! ह्यांची सायकल पंक्चर आहे."

आई डगमगली नाही. "मग पाठवा खात्यात. अर्ज लागत नाही!"

*

पुढे दादानं मुलगी पसंत केली. जात तीच, पत्रिका जुळलेली, मुलगी गुणी. पण धाकट्या पातीची!

"अगं, राज्यं गेली आता," बाबा म्हणाले.

"राज्यं गेली. रस्ता आहे ना?"

लग्नाला आई रस्त्यापलीकडे टांग्यातून गेली. परमुलखात वरमाय पायी जात नाही म्हणे! टांगेवाला म्हणाला, "माँसाब, बैठते-बैठते तो घर आ जाएगा!"

*

वर्षभरानं दादा एकदा आमटीवरून वहिनीवर खेकसला. आईनं त्याच्यापुढची वाटीच उचलली.

"तिला बोलायचं नाही. परमुलखातून आपल्या भरवशावर आलीये पोर!"

*

ताईचं मात्र अवघड होतं. तिनं लग्नाला नाही म्हटलं आणि धारच्या मुलींच्या शाळेत नोकरी धरली.

घरातलं कुणीही गावाला निघालं की आई हातावर दही ठेवायची. दादा सुटे भाग आणायला इंदूरला निघाला तरी दही! पण ताई निघाली तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. "दही लागलं नाही," म्हणाली. दही ठेवलं म्हणजे जायला संमती दिली, असं तिचं गणित. ताई कोरड्या हातानं गेली. मला फार वाईट वाटलं.

दर सुट्टीनंतर हेच. कुणी विचारलं तर आई सांगायची, "धारला मावशीकडे असते."

आम्हाला धारला मावशीच नाही!

*

एका दिवाळीत धारच्या एक बाई देवासला आल्या होत्या, त्या ताईला भेटायला घरी आल्या. आईच्या पाया पडून म्हणाल्या, "आपकी बेटी घर आके लड़ी नी होती, तो हम छोरी को कब का ब्याह देते. अब सातवीं में है."

आईनं त्यांच्यापुढे फराळाचं ताट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ताई निघाली. दह्याची वाट बघणं तिनं कधीच सोडलं होतं. मी मोटर स्टँडवर पोचवायला गेलो. ती खिडकीशी बसली, मोटर सुरू झाली, आणि समोरून दादाची सायकल! मागे कॅरियरवर आई. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात दादाचा सदरा गच्च धरलेला!

"हात पुढे कर," आई खिडकीशी येऊन म्हणाली. ताईला रडू आवरेना.

ताईशेजारी बसलेल्या म्हातारीला वाटलं, लेक सासरी निघाली. तिनं विचारलं, "बाई सासरे जई री हे कंई?"

मी आणि दादानं एकमेकांकडे पाहिलं. आता मावशी येणार!

"नी. नौकरी पे!" आई म्हणाली, सगळ्या मोटरीला ऐकू जाईल असं. मग ती पुढे गेली आणि वाटीतलं उरलेलं दही तिनं ड्रायव्हरच्या हातावर ठेवलं.

"सम्हाल के चलाना, भिया. मास्टरनी बैठी है!"