पाण्यात माणूस असताना

पाण्यात माणूस उतरला की मामांची वाचा बंद व्हायची. कॉन्ट्रॅक्टरने अकराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते साडेबाराला, पाणबुड्या वर येऊन बसल्यावर द्यायचे. लेकीला मुलगा झाला त्या दिवशी खिशातला फोन वाजून वाजून थकला, आणि आजोबा दोर धरून खाडीकडे बघत राहिले. चहाचा ग्लास मीच त्यांच्या तोंडाला लावायचो. एवढ्यासाठी इंजिनिअर झालो, असं वसईच्या एव्हरशाईन वसाहतीतल्या घरी बायकोला हसत सांगायचो.

मामा आमचे डायव्हिंग सुपरवायझर, नायगावच्या कोळीवाड्यातले. तरुणपणी बुड्या मारण्यात एक कान गेलेला. खाडीतल्या धक्क्यांच्या खांबांची दुरुस्ती पाण्याखाली चाले. खालच्या माणसाला हवा नळीतून मिळायची, पण त्याचं बोलणं दोरातून. एक हिसका म्हणजे ठीक, चार म्हणजे वर ओढा. म्हणून दोर कठड्याला बांधलेला दिसला की मामा खवळायचे. "कठड्याला काय कलतंय रं? हातात धर!"

सर्टिफिकेट घेऊन आलेल्या पाणबुड्यालाही ते महिनाभर पाण्याला पाय लावू देत नसत. "आधी वरचा हो, मंग खालचा." तो महिना दोर धरण्यात जाई. नंतर राखीव पाणबुड्या म्हणून सगळा पोशाख चढवून उन्हात बसायचं. खाली काही झालं तर त्याने उडी घ्यायची. त्यांच्याच वाड्यातला संतोष या दोन्हींतून गेला. शिव्या देत गेला, पण त्यांच्या हाताखालचा सगळ्यात चांगला पाणबुड्या झाला.

रोज सकाळी एक फॉर्म भरावा लागे. कोण उतरणार, राखीव कोण, दोरावर सुपरवायझर कोण. तो मी भरायचो, खाली सहीही माझीच. एकदा कॉन्ट्रॅक्टरने एकाच दिवशी दोन धक्क्यांवर कामं काढली. मामा म्हणाले, "दोन ठिकानी कसा असन मी? एक काम बंद ठेवा." कॉन्ट्रॅक्टरने मान डोलावली आणि मामा पलीकडच्या धक्क्याला गेल्यावर मला म्हणाला, "साहेब, अर्ध्या तासाचं काम आहे. नाव टाका मामांचं." मी टाकलं. राखीव म्हणून लिहिलेला माणूस त्या दिवशी सुट्टीवर होता. संतोष उतरला.

दोर धरलेला मदतनीस कॉम्प्रेसर बघायला गेला, आणि जाताना त्याने दोर कठड्याला बांधला. मी फोनवर होतो. खाली संतोष जुन्या लोखंडात अडकला. त्याने किती हिसके दिले, ते कुणालाच माहीत नाही.

पोलीस कागद बघून मामांच्या घरी गेले. "मी तिथं नव्हतो," एवढं एक वाक्य त्यांना पुरलं असतं. मग सही खोटी ठरली असती, माझी. जबाबाच्या आदल्या दिवशी ते मला भेटले. मी रडायला लागलो. ते दुसऱ्याच कुणाकडे बघावं तसे माझ्याकडे बघत होते.

"तुजी पोर कितवीला हाय?"

"दहावीला."

"संतोसला मीच उतरवला या धंद्यात. नाव माजंच बरोबर हाय."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मामांनी जबाबात लिहून दिलं, "दोरावर मीच होतो." त्यानंतर त्यांना कुणी काम दिलं नाही. खटला चालूच आहे. वाड्यातले लोक त्यांच्याशी बोलत नाहीत.

परवा वसईच्या बाजारात ते दिसले. मासळीच्या पाटीमागे संतोषची आई बसली होती. मामा समोर येताच तिने हातातली सुरी खाली ठेवली.

"भाऊ, तू वर असून माजा पोर खाली कसा रं ऱ्हायला?"

मामांनी मान खाली घातली. मी पिशवी घेऊन तीन पावलांवर उभा होतो. त्यांनी मला पाहिलं होतं. मी शेजारच्या बाईकडून कोलंबीचा एक वाटा घेतला आणि घरी आलो.